‘डब्यात काय?’चा नववा भाग

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

पोचलो एकदाचे! नाशिकहून सकाळी निघालेला टेम्पो दुपारी तीनला सिडकोत, एन-सातच्या गल्लीत येऊन उभा राहिला. कपाट जिन्यात अडकलं. विश्वजीत आणि टेम्पोवाला एकमेकांना अक्कल शिकवत बसले आणि आमच्या श्रेयाबाई (वय वर्षं सहा, पुढचा एक दात पडलेला) खालून दोघांनाही हुकूम सोडत होत्या. घर वरच्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, पण गच्ची अशी ऐसपैस की मी भाड्याची घासाघीस अर्ध्यावर सोडून दिली. विश्वजीतला शेंद्र्याच्या कारखान्याची बस कोपऱ्यावरच मिळते.

घरमालकीण कडूबाई खाली एकट्या राहतात. साठीच्या असतील. किल्ली देतानाच त्यांनी बजावलं, “नळ आठव्या रोजी येतोय, बाई. टाक्या भरून ठिवा, न्हाईतर बसा बोंबलत.” बाई झकास आहेत. एकच गोष्ट डोळ्यांत भरली. उभ्या असल्या की त्यांचा डावा हात कमरेपाशी वाकलेला असतो आणि त्या किंचित डुलत राहतात. कळशी उचलायची जुनी सवय असेल.

विश्वजीत म्हणतो, नव्या घरात पहिलं काम काय, तर ही वही. हसू दे. कॉलेजपासून रोज लिहिते आणि जे घडलं तेवढंच लिहिते. मीठमसाला घालायचं काम लग्नाच्या व्हिडिओंमध्ये आयुष्यभर केलंय, निदान इथे तरी नको.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज नव्या कामाचा श्रीगणेशा. काम सर्जेरावांचं. वय सत्तर, मिशा काळ्या कुळकुळीत, बोलणं न थांबणारं. पूर्वी या भागाची केबल त्यांची होती. १९९७ साली त्यांनी स्वतःच्या केबलवर एक खेळ सुरू केला होता, नाव ‘डब्यात काय?’. नऊ आठवडे चालला आणि बंद पडला. त्याच्या टेप त्यांनी पेटीत जपून ठेवल्या आहेत. त्या मी संगणकावर उतरवायच्या, साफ करायच्या आणि त्यांच्या फेसबुकच्या पानावर चढवायच्या. जुना व्हीसीआरही तेच देऊन गेले. यात घाई चालत नाही. टेप जेवढ्या वेळाची, तेवढा वेळ समोर बसून पाहायची.

खेळ मोठा गोड आहे. वसाहतीतल्या दोन बायका घरून एकेक झाकलेला डबा आणायच्या. समोरचीने तो कानाशी हलवून पाहायचा, पाच प्रश्न विचारायचे आणि आत काय ते सांगायचं. बरोबर आलं तर डबा तिचा, आतल्या वस्तूसकट. मग एक माणूस भांड्यांच्या दुकानातलं ते नाव कोरायचं यंत्र घेऊन यायचा आणि टर्र्र् करत जिंकणारीचं नाव सगळ्यांसमोर डब्यावर घालायचा. एवढंच. आणि त्याकरता अख्खी वसाहत रविवारी सकाळी घरात बसून राहायची!

खेळ बंद का केला, असं विचारलं तर सर्जेराव म्हणाले, नेमकं ध्यानात नाही. “पर काय दिवस व्हते, पोरी! लई भारी दिवस.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पहिले चार भाग चढवले. खाली प्रतिक्रियांचा पूर आलाय. कुणाला निवेदन करणाऱ्या सर्जेरावांचा चॉकलेटी सफारी आठवतो, कुणाला मागचा कागदी फुलांचा पडदा, कुणाला मध्येच वीज गेली की पाच-पाच मिनिटं दिसणारी मुंग्यांची पडदाभर चळवळ. शारजाहून एकाने लिहिलंय की त्याच्या आईने जिंकलेला डबा तो सोबत घेऊन गेलाय, त्यात चहाची पावडर ठेवतो. वाचताना मलाच भरून आलं, आणि मी तर त्या वेळी नाशकात दुसरीत होते! टेपवर गजरे माळलेल्या बायका लाजत लाजत डबे हलवतात, “गोड हाय का तिखट?” विचारतात आणि कुणाच्या डब्यातून करंजी निघाली की टाळ्या पडतात. हरली तरी कुणी रुसत नाही.

चौथ्या टेपला बुरशी लागली होती, पुसण्यात सकाळ गेली.

श्रेयाला तर वेडच लागलंय. शाळेतून बालदिनाचं चॉकलेट घेऊन आली ते थेट डब्यात गेलं. घरातले सगळे डबे जमिनीवर. “आई, ओळख डब्यात काय! आई, टर्र्र् कर ना!” मी बोटाने तिच्या पाठीवर टर्र्र् करत तिचं नाव कोरते आणि ती खिदळत लोळते. तिचा दुसरा दातही हलायला लागलाय. दिवसभर जिभेने ढकलत असते, सांगून उपयोग नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

कडूबाईंनी काल धपाटे पाठवले, कडीच्या एका जुन्या स्टीलच्या डब्यातून. धपाटे असे की विश्वजीतने सहा हाणले. डब्याच्या अंगावर ठिपक्याठिपक्यांचं नाव आहे, ‘गोकुळ’. नवऱ्याचं असेल का? विचारायला हवं.

आता डबा परत द्यायचा, तर रिकामा कसा द्यायचा? माझ्या आईने एवढं एक तरी वळण लावलंय. चिमूटभर साखर घातली तरी चालतं, पण आमची साखर अजून तिसऱ्या खोक्यात आणि त्यावर दोन खोकी. ते सगळं उतरवायचा आत्ता भयंकर कंटाळा आलाय. मी श्रेयाला म्हटलं, घरात काहीच नाही गं, आता तुलाच यात घालून पाठवते. झालं! तेव्हापासून डबा पुढ्यात घेऊन बसली आहे. एक पाय आत घातलाय, “मला घाल, मला घाल, झाकण लाव” चाललंय. लिहू देत नाही. दोन मिनिटं खेळते तिच्याशी, मग लिहिते.

दुपारी चार. कडूबाईंना डबा देऊन आले. आत काय घातलं ते आठवत नाही, साखरच असेल. त्यांनी डबा दोन्ही हातांनी घेतला आणि अंगावरचं नाव पाहत मटकन पायरीवर बसल्या. चक्कर आली का विचारलं तर मान हलवली. खाली कुठेतरी ते नाव घालायचं यंत्र चालल्यासारखं वाटलं. नऊ-नऊ तास टेप पाहून कानात बसलंय.

घर कसं शांत आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

पाच ते आठ भाग झाले. काम भराभर उरकतंय, मध्ये कुणाचा व्यत्यय नाही. विश्वजीत म्हणाला, दोघांना दोन खोल्या आणि एवढी गच्ची म्हणजे चैनच आहे.

खोकी लावताना लहान मुलीचे फ्रॉक निघाले, पाच-सहा. एक बूटही. टेम्पोवाल्याने दुसऱ्या कुणाचं खोकं आमच्यात टाकलेलं दिसतंय. कडूबाईंच्या ओळखीत कुणाला होतील म्हणून खाली घेऊन गेले. तर त्यांच्या कडेवर दीड-दोन वर्षांचं एक पोर! नातू आलाय म्हणाल्या. मोठं गोड आहे. डोक्याला लाल-पिवळी विणलेली कानटोपी, हल्ली कुणी घालत नाही तसली. कडूबाई रडत होत्या आणि हसतही होत्या. मी फ्रॉक पुढे केले, त्याबरोबर त्यांनी माझ्या तोंडावर दार लावून घेतलं.

माझं काय चुकलं, कळेना. दिवसभर वाईट वाटत राहिलं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

नववा भाग पाहिला. जसं दिसलं तसं लिहिते.

स्पर्धक दोन. त्यातली एक कडूबाई. तिशीच्या, ठसठशीत कुंकू, डाव्या कडेवर मूल. समोरची बाई लाडू म्हणाली, शेंगदाणे म्हणाली, हरली. सर्जेरावांनी झाकण काढलं, तर डबा रिकामा. कडूबाईंनी गंमत म्हणून रिकामाच आणला होता. सभागृहात कुणी हसलं नाही. सर्जेराव सावरून घेत म्हणाले, “रिकामा डबा आपल्या खेळात चालत नाय, वहिनी. घाला कायतरी.” कडूबाई हसल्या. कडेवरच्या मुलाच्या गालाला हात लावला. म्हणाल्या, “आता ह्यालाच घालते!” आणि खटकन झाकण लावलं.

यंत्रवाला टेबलापासून चार पावलं लांब होता. तरी टर्र्र् सुरू झालं.

मग चित्रात दोन मुंग्या आल्या, तेवढ्याच. पुन्हा कडूबाई दिसल्या. कडेवर मूल नव्हतं. हात तसाच वाकलेला. त्या तशाच डुलत होत्या, मूल झोपवताना डुलतात तशा, आणि हसत होत्या. सर्जेरावही हसत होते. सगळे टाळ्या वाजवत होते.

मी अकरा वेळा मागे नेऊन पाहिलं. मुलाच्या डोक्याला कानटोपी आहे. टेप रंगीत आहे. लाल-पिवळी.

सर्जेरावांना फोन केला. मागे नऊ आठवडे म्हणाले होते, आज म्हणाले, नववा भाग झालाच नाही, भाग आठच. आणि कडूबाईंना मूलबाळ कुठलं?

बुधवार, १९ नोव्हेंबर

खाली ते पोर रडतं. मी जिन्याने जात नाही. जावं लागलंच तर भिंतीला चिकटून, न बघता जाते.

विश्वजीतला टेप दाखवली. त्याला मूल दिसलंच नाही. बोट ठेवून दाखवलं तर म्हणाला, साडी छान आहे.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सर्जेरावांनी विचारलं, बुरशी कोणत्या टेपला होती? वहीत सापडेल म्हणून मागची पानं चाळली.

श्रेया कोण?

अक्षर माझं आहे. शाई माझी आहे. वय सहा, एक दात पडलेला. मी तिच्या पाठीवर बोटाने नाव कोरते असं लिहिलंय. मला मूल नाही. आम्हाला मूल नाही. नऊ वर्षं झाली लग्नाला आणि आम्ही दोघंच —

पुन्हा वाचलं. सोळा तारखेचं पान तीनदा वाचलं. दोन मिनिटं खेळते तिच्याशी, मग लिहिते.

मोबाइल उघडला. पडद्यावरच आहे ती. आमच्या दोघांच्या मध्ये, दात नसलेलं हसत. हा फोटो मी रोज बघते, दिवसातून पन्नास वेळा. मला दिसली नाही.

काहीच आठवत नाही. रडूसुद्धा येत नाही, नुसती भीती वाटते. परक्याचं मूल बघावं तशी मी तिला बघतेय. याहून भयंकर काही असेल असं मला वाटत नाही.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

विश्वजीतला फोटो दाखवला. त्याची नजर तिच्यावरून घसरून जाते. म्हणाला, जुन्या घराची गच्ची का ही? वही वाचायला दिली. वाचून त्याने मला जवळ घेतलं. म्हणाला, कथा छान आहे, पण फार मनाला लावून घेऊ नकोस, मूल आज ना उद्या होईल.

मी ओरडले. तो घाबरला. माझ्याकडे बघून घाबरला.

शनिवार, २२ नोव्हेंबर

कडूबाईंच्या दारात बसले, उठणार नाही म्हटलं. शेवटी त्या बोलल्या.

“माझा गोकुळ अठ्ठावीस वरसं आत व्हता. मला त्याचं नावबी ठाऊक नव्हतं, बाई. डब्यावर वाचायची आन म्हणायची, कोण गोकुळ? ह्या हातानं मातर सोडलं नाय.” पुढे कधीतरी त्यांनी ती टेप पाहिली, तेव्हा उमगलं. रिकामा डबा चालत नाही आणि भरल्या डब्यात दुसरं मावत नाही, म्हणजे एक आत गेला तर एक बाहेर येईल. एवढंच डोकं चालवलं. दर भाडेकरणीला त्या डब्यातून धपाटे दिले. प्रत्येकीने चिमूटभर साखर घालून परत केला.

प्रत्येकीने. मीच एकटी —

त्यांनी आधी सांगितलं की पोर जाईल हे ठाऊक नव्हतं. मग पदर डोळ्यांना लावला. “खोटं कशाला बोलू? ठाऊक व्हतं.”

डबा मागितला. त्यांनी आतून आणून दिला. ‘गोकुळ’खाली आता ‘श्रेया’ आहे. ठिपक्याठिपक्यांचं. तारीख १६-११-२५.

साखर घरात होती. तिसऱ्या खोक्यात होती.

रविवार, २३ नोव्हेंबर

डबा ओट्यावर. झाकण काढलं की रिकामा, तळ दिसतो. झाकण लावून कानाशी धरला की आत कुणीतरी —

हळू. कंटाळल्यासारखं. नखाने खरवडतं. मग थांबतं. मग पुन्हा.

खेळातले पाच प्रश्न विचारायला बसले. थंडी वाजते का? एक ठक. अंधार आहे का? एक ठक. श्रेया का? ठक ठक ठक ठक ठक — थांबेचना, मीच डबा खाली ठेवला. उरलेले दोन विचारायचा धीर झाला नाही.

दुपारी गोकुळ जिना रांगत वर आला, एकटाच. माझ्या पायाला धरून उभा राहिला. मी त्याला उचललं. डबा समोर होता. तोंडापर्यंत आलं होतं, आता ह्यालाच — आलं होतं, नाकारत नाही. त्याच्या टोपीला लोकरीचा आणि तेलाचा वास. त्याने माझ्या गालाला गाल लावला.

खाली नेऊन दिला. कडूबाई माझ्या पाया पडायला लागल्या. मी पाय मागे घेतले.

सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपारी बारा

विश्वजीत कामावर गेलाय. निघताना म्हणाला, संध्याकाळी डॉक्टरकडे जाऊ. जाऊ म्हटलं.

मला ती आठवत नाही. पण या वहीतल्या बाईला आठवते, आणि ती बाई खोटं लिहीत नाही. तिच्या शब्दावर करतेय. फार भीती वाटते. आत अंधार आहे आणि थंडी आहे.

विश्वजीत, वही ओट्यावर ठेवते, साखरेच्या डब्याखाली. मी तुला आठवणार नाही. फोटोत दिसणार नाही. तरी वाच. तिला वाचून दाखव. फ्रॉक पलंगाखाली आहेत.

मला काढायला कुणाला आत घालू नका. कुणालाच नाही. डबा कुणाला देऊ नका.

श्रेया, हलता दात जिभेने ढकलू नकोस. मी बजावलं होतं म्हणे.

तोंडाने म्हटलं, आता मीच बसते. झाकण लावलं.

टर्र्र् —

यंत्र नाही घरात. डब्यावर आपोआप ठिपके उमटताहेत — एक उभी काठी — हात गार पडला, पेन धरवत नाही —

दारात कुणीतरी. लहान. अनवाणी.

आठवलं. देवा, सगळं आठवलं — जन्मली त्या सकाळचं, पहिलं पाऊल, कांजिण्या, पाठीवरचा तीळ, सगळं, माझी श्रेया, माझी —

जवळ येत नाही. दाराला धरून उभी आहे. विचारतेय, काकू, तुम्ही कोण?

सांगते, बाळा. लिहूनच ठेवते. मी तुझी आई. माझं नाव मे